ब्रँड पडद्यावर, मालक कोर्टात

2012 साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात लुई व्हितों या फ्रेंच बॅगवाल्या कंपनीचे दोन खटले निकाली निघाले. एक मार्चमध्ये, दुसरा जूनमध्ये. तक्रार दोन्हीकडे जवळपास सारखीच होती: आमचं नाव, आमची नक्षी, आम्हाला न विचारता पडद्यावर वापरली. मार्चमधला खटला कंपनी जिंकली आणि जूनमधला हरली. ब्रँडवरून पडद्यावर होणाऱ्या भांडणांचं सगळं मर्म या दोन निकालांत आहे, म्हणून आधी तेच पाहू.

एका सेकंदाचा चेंडू

जिंकलेला खटला ह्युंदाई मोटारीच्या जाहिरातीवरून होता. 2010च्या सुपर बोलनंतर, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या फुटबॉल सामन्यानंतर, टीव्हीवर तिची 30 सेकंदांची जाहिरात झळकली. ऐषाराम सगळ्यांच्याच वाट्याला आला तर काय होईल, ही कल्पना. पोलिस गाडीत बसून कॅव्हिअर खाताहेत, साध्यासुध्या घरांपुढे आलिशान बोटी उभ्या आहेत, मजूर जेवणाच्या सुट्टीत लॉबस्टर फोडताहेत आणि वस्तीतली पोरं संगमरवरी मैदानावर बास्केटबॉल खेळताहेत. त्या चेंडूवर लुई व्हितोंच्या नक्षीशी मिळतीजुळती नक्षी होती. चेंडू पडद्यावर दिसला जेमतेम एक सेकंद.

तेवढा एक सेकंद ह्युंदाईला भोवला. गंमत म्हणजे जाहिरात बनवणाऱ्यांनी आधी काही नामांकित कंपन्यांकडे परवानगी मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. कोर्टात ह्युंदाईनं सांगितलं, की ही ऐषारामावरची विनोदी टिप्पणी आहे. पण तुम्हाला लुई व्हितोंबद्दल काही म्हणायचं होतं का, या प्रश्नावर त्यांच्याच माणसांचं उत्तर ‘नाही’ असं आलं. मग न्यायाधीशांपुढे फार काही उरलं नाही. लुई व्हितोंबद्दल बोलायचं नव्हतं, तर तिची ऐट फक्त गाडी विकायला उसनी घेतली होती.

हरलेला खटला ‘द हँगओव्हर पार्ट टू’ या चित्रपटावरचा. त्यात ॲलन नावाचं एक विक्षिप्त पात्र आहे. विमानतळावर त्याच्या बॅगेला कुणाचा तरी धक्का लागतो, तेव्हा तो ऐटीत बजावतो, की सांभाळून, ही ‘लुइस व्हिटन’ आहे. नावाचा उच्चार चुकलेला, आणि बॅगही अस्सल नाही, डिओफी नावाच्या दुसऱ्या कंपनीनं बनवलेली नक्कल! लुई व्हितोंला हे झोंबलं. आमच्या नावानं नकली माल पडद्यावर मिरवला जातोय, हे बंद करा, अशी तिची मागणी. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. स्वतःला फार उच्चभ्रू समजणारा माणूस नावसुद्धा धड उच्चारू शकत नाही, यातून ते पात्र उभं राहतं, विनोद उभा राहतो. बॅग त्या गोष्टीचाच भाग आहे. हा चित्रपट लुई व्हितोंनं काढला असेल, असं कुणालाही वाटणार नाही.

जाता जाता सांगायला हवं, की याच चित्रपटावर आणखी एक खटला झाला होता. माइक टायसनच्या चेहऱ्यावरचं गोंदण काढणाऱ्या कलावंतानं तो केला, कारण चित्रपटातल्या एका पात्राच्या चेहऱ्यावर तसंच गोंदण दाखवलं होतं. ते प्रकरण कॉपीराइटचं होतं आणि तडजोडीत मिटलं. एकाच सिनेमात एक बॅग आणि एक गोंदण, दोन्हींवरून कोर्ट!

तर प्रश्न असा, की बोलतंय कोण? गोष्ट सांगणारा की माल विकणारा? गोष्ट सांगणाऱ्याला कायदा पुष्कळ मोकळीक देतो, विकणाऱ्याला मोजून मापून. हा फरक मला अगदी योग्य वाटतो. पुढचे सगळे किस्से याच काट्यावर तोलून बघा.

बुलडोझर दुष्ट नसतो

2003च्या शरद ऋतूत अमेरिकेत लागोपाठ दोन खटले उभे राहिले.

पहिला केला व्हॅम-ओ या खेळणी कंपनीनं. फ्रिस्बी आणि हुला हूप जगभर नेणारी हीच कंपनी. तिचं ‘स्लिप अँड स्लाइड’ नावाचं एक खेळणं आहे: अंगणात प्लास्टिकची लांब पट्टी अंथरायची, तिच्यावर पाणी सोडायचं आणि पळत येऊन पोटावर घसरायचं. ‘डिकी रॉबर्ट्स’ या विनोदी चित्रपटाचा नायक आधी पाणी न घालताच तिच्यावर झेप घेतो, मग तिच्यावर तेल ओततो आणि चांगलाच शेकतो. पोरं हे बघून अनुकरण करतील, आमच्या मालाची बदनामी होईल, असं कंपनीचं म्हणणं. कोर्टानं चित्रपट थांबवायला नकार दिला. नायक मूर्खपणा करतोय हे दिसतंच आहे, आणि खेळण्याला त्याच्या नावानं ओळखणं हा काही गुन्हा नव्हे.

दुसरा खटला कॅटरपिलरचा. पिवळीधमक अवजड यंत्रं बनवणारी ही कंपनी तेव्हा इलिनॉय राज्यातल्या पिओरियाची होती. ‘जॉर्ज ऑफ द जंगल 2’ या डिस्नेच्या चित्रपटात खलनायक जंगल उद्ध्वस्त करायला बुलडोझर आणतो. त्या बुलडोझरांवर कॅटरपिलरची खूण स्पष्ट दिसते, आणि निवेदक त्या यंत्रांना पिसाट, विध्वंसक अशी शेलकी विशेषणं बहाल करतो. लहान मुलांच्या मनात आमच्याबद्दल अढी बसेल, असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायाधीशांनी तो मानला नाही. बुलडोझर आपणहून चालत नाही, माणूस चालवतो. दुष्ट आहे तो खलनायक, यंत्र केवळ त्याच्या हातातलं हत्यार, आणि हे लहान मुलालाही कळतं.

खरंखुरं जग दाखवायचं तर त्यात खऱ्याखुऱ्या वस्तू येणारच. बुलडोझरवरची खूण पुसायला लावली, तर उद्या खुनाच्या दृश्यातल्या सुरीवरचंही नाव खोडावं लागेल.

निकालाविना मिटलेलं एक प्रकरण

प्रत्येक वेळी चित्रपटवाले किंवा मालिकावाले लढत बसतात असं नाही. 2006 साली ‘हीरोज’ मालिकेच्या पहिल्याच भागात एक शाळकरी मुलगी स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कचरा दळणाऱ्या यंत्रात हात घालते. हात चिंधड्या होऊन बाहेर येतो आणि तिच्या अद्भुत शक्तीमुळे लगेच भरून निघतो. यंत्रावर ‘इन्सिंकरेटर’ हे नाव दिसत होतं. ते बनवणाऱ्या एमर्सन इलेक्ट्रिकनं आठवड्याभरात एनबीसी वाहिनीवर दावा ठोकला. वाहिनीनं पुढच्या प्रक्षेपणांत नाव काढून टाकलं आणि दावा मागे घेतला गेला. लढली असती तर वाहिनी बहुधा जिंकली असती. पण मालिका नुकती सुरू झालेली, वकिलांची फी मोठी, आणि नाव पुसायला खर्च किरकोळ. हे गणित कोर्टाच्या निकालपत्रात कधीच दिसत नाही, पण पडद्यावर धूसर केलेल्या कितीतरी खुणांमागे तेच असतं.

मर्सिडीज, पण झोपडपट्टीत नको

मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिल्यनेअर’चा किस्सा आपल्या घरचाच म्हणायचा. दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी पुढे सांगितलं, की मर्सिडीज-बेंझला आपली गाडी गुंडाच्या हाती दिसलेली चालत होती, पण झोपडपट्टीच्या पार्श्वभूमीवर नको होती. मग त्या दृश्यांतली खूण संगणकावर पुसावी लागली. कोका-कोलाचंही असंच काहीसं झालं. गुंड चालतो, गरीब वस्ती चालत नाही! यात खटला झाला नाही, कायद्याचा मुद्दा नीट तपासलाही गेला नाही, तरी पैसा आणि वेळ दोन्ही गेले. मला हा प्रकार खटल्यांपेक्षा जास्त खटकतो. धारावीत, जुहूच्या वस्तीत लोक शीतपेय पितात, रस्त्यावरून महागड्या गाड्याही जातात. ते मुंबईचं सत्यच आहे, आणि ते पडद्यावरून पुसलं गेलं.

2012च्या ‘फ्लाइट’ चित्रपटात डेन्झेल वॉशिंग्टनचा वैमानिक दारूच्या आहारी गेलेला आहे आणि गाडी चालवतानाही बडवायझर पितो. बिअर कंपनीनं पॅरामाउंटकडे खूण पुसण्याची जाहीर मागणी केली, परवानगी घेतली नव्हती अशी तक्रारही केली. पण प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही.

दाखवलं नाही म्हणून दावा

आता उलटा प्रकार. 1996च्या ‘जेरी मग्वायर’मध्ये क्युबा गुडिंग ज्युनियरचा फुटबॉलपटू रीबॉकवर सतत चिडलेला असतो, कारण कंपनी त्याला जाहिरात देत नाही. रीबॉकनं हे सगळं सहन केलं ते एका अटीवर: शेवटी त्या खेळाडूला घेऊन केलेली रीबॉकची जाहिरात दाखवायची, म्हणजे शिव्या वळून कौतुकात संपतील. कंपनीनं प्रसिद्धीसाठी पैसाही ओतला. संकलनाच्या टेबलावर मात्र ती शेवटची जाहिरातच कापली गेली! चित्रपट लागला, त्यात शिव्या राहिल्या आणि कौतुक गेलं. रीबॉकनं ट्रायस्टारवर दावा ठोकला, तडजोड झाली. हा ट्रेडमार्कचा नव्हे, कराराचा वाद. पण आपलं नाव पडद्यावर कसं संपतं याची कंपन्यांना किती काळजी असते, ते यातून चांगलं कळतं.

नाही म्हणून पस्तावलेल्यांचीही परंपरा आहे. ‘ई.टी.’ या 1982च्या चित्रपटात परग्रहावरच्या पाहुण्याला गोळ्या टाकत टाकत घरात आणायचं होतं. एम अँड एम्सवाल्या मार्स कंपनीनं नकार दिला. हर्शी कंपनीनं होकार दिला आणि तिच्या रीसेस पीसेस गोळ्यांचा खप झपाट्यानं वाढला. ‘टॉय स्टोरी’च्या पहिल्या भागासाठी मॅटेलनं बार्बी द्यायला नकार दिला होता, चित्रपट प्रचंड चालला आणि 1999च्या दुसऱ्या भागात बार्बी हजर.

बार्बी, गाणं आणि थंड घ्या

बार्बीचं नाव निघालंच आहे तर हे ऐकाच. 1997 साली ॲक्वा या बँडचं ‘बार्बी गर्ल’ गाणं जगभर वाजलं. मॅटेलनं दावा केला, की यानं आमच्या बाहुलीची प्रतिमा मलिन होते. 2002 साली अपील कोर्टाचे न्यायाधीश ॲलेक्स कोझिन्स्की यांनी निकाल दिला: गाणं बार्बीवरचं आहे, बार्बी कंपनीचं नव्हे, आणि ऐकणाऱ्याला हे कळतं. गाण्याच्या कंपनीनं मॅटेलवर बदनामीचा उलटा दावा केला होता, तोही फेटाळला. निकालपत्राच्या शेवटी दोन्ही पक्षांना त्यांनी जो सल्ला दिला, तो आपल्या भाषेत ‘थंड घ्या’ असा होईल. 2009 साली मॅटेलनं त्याच गाण्याचे शब्द बदलून स्वतःच्या प्रसिद्धीसाठी ते वापरलं. 2023च्या ‘बार्बी’ चित्रपटातल्या एका गाण्यात तर ॲक्वाचीच धून ऐकू येते.

कोझिन्स्की यांनी आधार घेतला तो आणखी जुन्या खटल्याचा. फेदेरिको फेलिनी यांनी 1986 साली ‘जिंजर अँड फ्रेड’ काढला. जिंजर रॉजर्स आणि फ्रेड अस्टेअर या हॉलिवूडच्या नृत्यजोडीची नक्कल करून पोट भरलेल्या दोन इटालियन कलावंतांची ही गोष्ट. खुद्द जिंजर रॉजर्स यांनी दावा केला, की माझ्या नावाचा गैरवापर झाला. 1989 साली त्या हरल्या. कोर्टानं दोन प्रश्न ठरवून दिले: नावाचा कलाकृतीशी काही संबंध आहे का, आणि ती कुणी काढली याबद्दल लोकांची उघड दिशाभूल होते का? संबंध आहे आणि दिशाभूल नाही, तर कलावंताला सोडा. लुई व्हितों ‘हँगओव्हर’शी हरली ती याच कसोटीवर.

2023 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं या मोकळिकीला कुंपण घातलं. कारण ठरलं कुत्र्याचं एक खेळणं! जॅक डॅनियल्स व्हिस्कीच्या बाटलीसारखं दिसणारं, ‘बॅड स्पॅनिएल्स’ नाव असलेलं. न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की दुसऱ्याची खूण स्वतःच्या मालाची ओळख म्हणून लावत असाल, तर ही कलेची ढाल तुम्हाला मिळणार नाही. निकाल लिहिला न्यायमूर्ती एलेना केगन यांनी.

नसलेल्या मालाची मालकी

‘द सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेतला होमर ‘डफ’ नावाची बिअर ढोसतो. अशी बिअर अस्तित्वात नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या मद्य कंपन्यांनी ती बाजारात आणली, तेव्हा 1996 साली तिथल्या फेडरल कोर्टानं त्यांना थांबवलं. कारण लोकांना वाटणार, की ही मालिकावाल्यांचीच. ‘स्पंजबॉब’मधल्या ‘क्रस्टी क्रॅब’ या काल्पनिक हॉटेलचं नाव टेक्सासमध्ये एकाला आपल्या खाणावळीला द्यायचं होतं. 2018 साली अपील कोर्टानं मालिकेच्या बाजूनं निकाल दिला. कार्टूनमधलं हॉटेल, पण नावावर हक्क खरा.

बॅटमनच्या ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये कॅटवुमन आपला गुन्हेगारी इतिहास पुसणारं ‘क्लीन स्लेट’ नावाचं सॉफ्टवेअर शोधत असते. इंडियानातल्या एका कंपनीचं याच नावाचं खरंखुरं सॉफ्टवेअर होतं, सार्वजनिक संगणकांवरचे वापराचे माग पुसणारं. चित्रपटानंतर आमचा खप घसरला, अशी तिची तक्रार. 2014 साली अपील कोर्टानं उत्तर दिलं: चित्रपटातलं सॉफ्टवेअर कुणालाच विकत घेता येत नाही, तर गिऱ्हाईक फसणार कसं?

आणि एक ऑस्ट्रेलियन जाहिरात. ‘क्रोकोडाइल डंडी’ चित्रपटातलं चाकूचं दृश्य सगळ्यांना तोंडपाठ होतं: चोर चाकू काढतो, नायक त्याहून मोठा काढतो. एका चपला-बूट कंपनीनं चाकूच्या जागी बूट घालून तेच दृश्य जाहिरातीत रचलं. नट पॉल होगन कोर्टात गेले आणि 1989 साली अपिलातही जिंकले. इथं चित्रपटाची पुण्याई माल विकायला वापरली होती, म्हणून कंपनी हरली. ह्युंदाईच्या चेंडूचा हाच मुद्दा, वीसहून अधिक वर्षं आधीचा.

झंडू बाम ते रूह अफ़्ज़ा

आता आपल्याकडे येऊ. 2010च्या ‘दबंग’मध्ये मलायका अरोरा नाचली आणि गाण्यात झंडू बामचं नाव आलं. झंडू म्हणजे 1910 साली मुंबईत सुरू झालेली औषध कंपनी. दादरला गोखले रोडवरचा तिचा पत्ता जुन्या मुंबईकरांना ठाऊक असेल. 2008 साली ती कोलकात्याच्या इमामीनं घेतली होती. इमामीनं निर्मात्यांना नोटीस धाडली. पण गाणं गल्लोगल्ली वाजत होतं आणि प्रत्येक वेळी बामचं नाव फुकट घेतलं जात होतं. शेवटी समझोता झाला आणि मलायकाच झंडू बामच्या जाहिरातीत दिसली. इतका शहाणा शेवट या क्षेत्रात फार क्वचित बघायला मिळतो.

2013च्या ‘ये जवानी है दीवानी’ची गोष्ट वेगळी. त्यातल्या एका संवादात रूह अफ़्ज़ा सरबताला नावं ठेवली होती. शंभराहून अधिक वर्षं घराघरांत ओतल्या जाणाऱ्या या लाल सरबताची मालक हमदर्द कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. चित्रपटगृहांत चित्रपट लागून गेला होता. पण घरी बघायच्या डीव्हीडीत तो संवाद नको, असा आदेश कंपनीनं मिळवला. आपल्या 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम 29(9) आहे, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकानं ते वाचून ठेवावं: नोंदणीकृत नाव छापून जसं वापरलं जातं, तसंच ते बोलूनही वापरलं जातं, आणि बोललेल्या नावानंही हक्कभंग होऊ शकतो. मला मात्र या निकालाची थोडी चिंता वाटते. एखाद्या पात्राला एखादं सरबत आवडू नये, ही त्या पात्राची आवड झाली. तीसुद्धा कोर्टात सिद्ध करायची का?

बाटाचं नाव तर दोनदा गाजलं. 2012 साली प्रकाश झा यांच्या ‘चक्रव्यूह’मधल्या महागाईवरच्या गाण्यात टाटा-बिर्लांच्या जोडीनं बाटाही आले. बाटा नाराज झाली. गाणं वाचलं, पण नावं केवळ उदाहरणादाखल आहेत आणि कुणाचा अनादर करायचा हेतू नाही, अशी सूचना दाखवावी लागली. 2017 साली ‘जॉली एलएलबी 2’च्या ट्रेलरमधल्या एका संवादात बाटाच्या बुटांचा हलका उल्लेख आला आणि पुन्हा नोटीस. गंमत म्हणजे नाव इतकं आपलं वाटलं तरी बाटा हे मूळचं चेक आडनाव आहे. 1894 साली झ्लीन गावात या घराण्यानं बूट शिवायला सुरुवात केली.

2023च्या ऑगस्टमध्ये रजनीकांतचा ‘जेलर’ लागला. त्यात एक भाडोत्री मारेकरी रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूची जर्सी घालून एका स्त्रीबद्दल गलिच्छ बोलतो. क्रिकेट संघ दिल्ली उच्च न्यायालयात गेला. निर्मात्यांनी ताणलं नाही. जर्सी ओळखू येणार नाही असा बदल करून 1 सप्टेंबरपासून तीच आवृत्ती दाखवायची, असं ठरलं. प्रायोजकांची नावं अंगावर घेऊन खेळणाऱ्या संघाची ही तक्रार मला पटते. बॅट हातात घेतलेल्या खेळाडूची ती ओळख आहे, आणि त्या दृश्याला तीच जर्सी हवी होती असं काही नव्हतं.

नावांचे खटलेही कमी नाहीत. 2008 साली वॉर्नर ब्रदर्सनं ‘हरी पुत्तर’ हा हिंदी चित्रपट थांबवायला धाव घेतली. दिल्ली उच्च न्यायालयानं नकार दिला. हॅरी पॉटरचा वाचक इतका भोळा नाही, की पंजाबी पोराच्या गोष्टीला फसेल! उलट 2015 साली ‘शोले’च्या मालकांना न्याय मिळाला. 2007 साली आलेल्या ‘राम गोपाल वर्मा की आग’मध्ये मूळ चित्रपटाचं जे उचललं होतं, त्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं 10 लाख रुपयांची दंडात्मक भरपाई ठोठावली.

माझा माल उत्तम, तुझा वाईट म्हणायचं नाही

चित्रपटाला मोकळीक, तर जाहिरातीला लगाम. आपल्याकडचे सर्वात रंगतदार खटले जाहिरातींचेच आहेत.

उजाला आठवते? कपड्यांना देण्याच्या निळीतली ती क्रांती. तिच्या जाहिरातीत समोरच्या निळीचा डबा दाखवला, नाव न घेता. पण डब्याचा आकार आणि 10 रुपये ही किंमत, दोन्ही रॉबिन ब्लूचेच! कोलकाता उच्च न्यायालयानं 1990च्या दशकात या प्रकरणात जे नियम मांडले, ते आजही वकील तोंडपाठ म्हणतात. व्यापारी आपला माल जगात सर्वोत्तम आहे असं म्हणू शकतो, ते खोटं असलं तरी. दुसऱ्याच्या मालाशी तुलनाही करू शकतो. पण तुलना करताना दुसऱ्याचा माल वाईट आहे, असं म्हणून त्याची बदनामी करू शकत नाही.

त्याच काळात दिल्लीत बूटपॉलिशचं भांडण झालं. किवीच्या जाहिरातीत एक नाव नसलेली बाटली ठिबकत होती, तिचं पॉलिश ओघळत होतं. बाटलीवर चेरीसारखा लाल ठिपका. चेरी ब्लॉसमवाल्यांना तो ठिपका कुणाचा हे सांगायला नको होतं, आणि 1996 साली न्यायालयालाही नको होतं.

थम्स अपची जाहिरात तर पुष्कळांच्या ओठावर होती. तीत ‘पप्पी’ नावाची एक बाटली आणि ही लहान पोरांची, असा टोमणा. पेप्सी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एका न्यायाधीशानं दिलासा दिला नाही, पण 2003 साली खंडपीठानं जाहिरात बदनामीकारक ठरवली. एक अक्षर बदलल्यानं नाव बदलत नाही.

सुनील शेट्टींची कोलगेटची जाहिरात मात्र सगळ्यांवर कडी. लाल दंतमंजन विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर ते मंजन घासून दाखवलं जातं, काचेवर ओरखडे उठतात. जाहिरातीत डाबरचं नाव कुठेही नाही. पण लाल दंतमंजनाच्या बाजारात डाबरचाच वाटा मोठा, मग बाण कुणाला लागणार? 2004 साली दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की संपूर्ण मालाची जात हलकी ठरवणं हीसुद्धा त्या मालाच्या प्रमुख उत्पादकाची बदनामीच.

2017 साली मुंबई उच्च न्यायालयात अमूल आणि हिंदुस्तान युनिलिव्हर समोरासमोर आले. दुधाचं आइस्क्रीम आणि वनस्पती तेलाचं फ्रोझन डेझर्ट यांतला फरक सांगणाऱ्या अमूलच्या जाहिराती न्यायमूर्ती शाहरुख काथावाला यांनी थांबवल्या, आणि पुढे खंडपीठानंही तो आदेश कायम ठेवला. फरक खरा आहे आणि गिऱ्हाइकाला तो कळलाच पाहिजे, हे माझं ठाम मत. मात्र ज्या मालात वनस्पती तूप नाही, त्यालाही वनस्पती तुपाचं लेबल चिकटवणं न्यायालयाला चालणार नव्हतं.

त्याच न्यायमूर्तींसमोर 2020 साली पॅराशूट तेलाची तक्रार आली. एका यूट्यूबरनं तेलाच्या शुद्धतेवर व्हिडिओ केला होता, आणि तो काढायचा हुकूम झाला. महिन्याभरात खंडपीठानं मध्यममार्ग काढला: ठरावीक भाग वगळून व्हिडिओ पुन्हा टाकता येईल. कॅमेरा हाती असलेल्या प्रत्येकासाठी हा खटला महत्त्वाचा, कारण इथं समोर स्पर्धक कंपनी नव्हती, एक सामान्य ग्राहक होता. मालाची चिकित्सा करायचा त्याचा हक्क अबाधित राहायलाच हवा.

लघुपट किंवा वेबमालिका करणाऱ्या तरुण मंडळींना एवढंच सांगेन. दृश्यात किराणा दुकानाची पाटी आली, बसच्या मागची जाहिरात आली, आईच्या हातात तेलाची ओळखीची बाटली दिसली, म्हणून तो शॉट टाकून देऊ नका. ते आपल्या घराचं आणि रस्त्याचं खरं चित्र आहे. पण एखाद्या पात्राच्या तोंडी खऱ्या कंपनीच्या मालाला थेट दूषण असेल, किंवा त्या मालानं इजा होते असं दृश्य असेल, तर पटकथेची तेवढी पानं चित्रीकरणाच्या आधी ट्रेडमार्क जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. चित्रीकरणाआधी संवाद बदलायला एक ओळ पुरते, प्रदर्शनानंतर प्रत्येक चित्रपटगृहातली प्रत बदलावी लागते.